हालचालीतून इंग्रजी शिकवणं : 'स्टँड अप, सिट डाउन'च्या पुढे काय?

खडूफळा

इंग्रजीच्या पहिल्या तासांना 'स्टँड अप, सिट डाउन, टच युअर नोज' करून घेतलं की हालचालीतून भाषा शिकवून झाली, असा एक समज आहे. आठवडाभर वर्गात मजा येते, मग तेच ते होतं आणि शिक्षक पुन्हा फळ्याकडे वळतात. पद्धत अर्धीच उचलली की असं होणारच. उरलेल्या अर्ध्यासाठी हा धागा.

पार्श्वभूमी थोडक्यात. या पद्धतीला टोटल फिजिकल रिस्पॉन्स, म्हणजे टीपीआर म्हणतात. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे स्टेट या शिक्षणसंस्थेत मानसशास्त्र शिकवणाऱ्या जेम्स अॅशर यांनी ती १९६० च्या दशकात मांडली. कृतीतून भाषा ही कल्पना मात्र त्याहून जुनी. फ्रान्समध्ये फ्रांस्वा ग्वँ यांनी १८८० मध्येच दार उघडण्यासारख्या एका साध्या क्रियेचे तुकडे पाडून (दाराकडे जाणं, थांबणं, हात पुढे करणं, मूठ फिरवणं) वाक्यांच्या माळा केल्या होत्या. १९२० च्या दशकात हॅरल्ड पामर जपानमध्ये आज्ञा आणि कृतीचे सराव घेत होते. अॅशर यांची भर अशी, की शिकणाऱ्याला बोलायची घाई करायची नाही. आधी ऐकून करू दे, बोलणं त्याच्या वेळेने येतं.

आता प्रत्यक्ष पायऱ्या. पुढे तीन खुर्च्या, मधल्या खुर्चीवर शिक्षक, दोन बाजूंना दोन विद्यार्थी, बाकीचे बघतात. नवी क्रियापदं एका वेळी तीनच. शिक्षक आज्ञा देतो आणि स्वतः करतो, दोघं त्याच्याबरोबर करतात. आज्ञा नेहमीच्या बोलण्याच्या वेगात. 'स्टँऽड... अऽप' असं ताणून म्हटलं तर कानाला त्या ताणाचीच सवय लागते आणि खरं बोलणं ओळखू येत नाही. क्रम उलटसुलट ठेवून प्रत्येक आज्ञा तीन-चार वेळा झाली की दुसरी पायरी : शिक्षक फक्त बोलतो, हलत नाही. हात मागे बांधायचे. ही पायरी सर्रास गाळली जाते आणि सगळा घोळ इथेच होतो. तिसरी पायरी, दोघांना एकेकट्याने करायला लावणं. चौथी, आतापर्यंत नुसतं बघत असलेल्यांना उठवणं. यातले पुष्कळसे पहिल्याच फटक्यात बरोबर करतात.

पाचवी पायरी सगळ्यात महत्त्वाची : आधी कधी न दिलेली आज्ञा. 'वॉक' येतं, 'पॉइंट टू द विंडो' येतं, मग 'वॉक टू द विंडो' ही आज्ञा न दाखवता द्यायची. तीनपैकी दोघं अडखळले तर मागे जायचं. जमलं तर 'वॉक टू द विंडो अँड पॉइंट टू द डोअर'. विद्यार्थ्याने शब्द सुटे केलेत की अख्खी आरोळी पाठ केलीय, हे इथेच कळतं. कित्येकांच्या डोक्यात 'स्टँडप' हा एकच शब्द असतो. 'सिट अप', 'हँड्स अप', 'स्टँड स्टिल' मध्ये घातल्याशिवाय त्यातला 'अप' वेगळा होत नाही.

तासाला १२ ते ३६ नवे शब्द बसतात असं अॅशर लिहितात, गट केवढा आणि शिकणारे कोणत्या टप्प्यावर आहेत त्यानुसार. मी खालचाच आकडा धरेन.

दोन नेहमीच्या चुका. आज्ञांचा क्रम ठरलेला असणं : 'स्टँड' नंतर दर वेळी 'सिट' आलं तर वर्ग इंग्रजीशिवायही बसेल. आणि शिक्षकाचे डोळे : 'डोअर' म्हणताना दाराकडे बघितलं की उत्तर फुटलं. समोरच्या भिंतीवरचा एक ठिपका धरून त्याकडेच बघत बोलावं.

काळ, उच्चार, मोठे वर्ग आणि मोठी माणसं याबद्दल जाणकारांनी भर घालावी.

पाटीपेन्सिल

उत्तर फुटण्याची आणखी मोठी जागा म्हणजे शेजारी. चाळीस जण एकदम बरोबर करतात तेव्हा त्यातल्या किती जणांना कळलं हे सांगता येत नाही. आज्ञा आणि कृती यांच्या मध्ये मान किंचित वळते, ती बघा. ज्याची वळते तो इंग्रजी ऐकत नसून शेजाऱ्याला वाचतो आहे.

उपाय सोपा आहे : डोळे मिटून. मोठ्या हालचाली सोडून हाताच्या आज्ञा द्यायच्या. 'रेझ युअर लेफ्ट हँड', 'पुट बोथ हँड्स बिहाइंड युअर हेड', 'टच युअर राइट एल्बो विथ युअर लेफ्ट हँड'. अशा दहा आज्ञांत वर्गाचं खरं चित्र दिसतं. चालायच्या आज्ञा डोळे मिटून अर्थातच नकोत.

आणि 'सायमन सेज' हा खेळ, ज्यात 'सायमन सेज' म्हणून दिलेलीच आज्ञा पाळायची. चुकला की बाहेर, हा नियम शिकण्याच्या मुळावर उठतो. ज्याला सराव सगळ्यात जास्त हवा तोच पहिल्या मिनिटाला बाहेर बसतो. शिवाय पुढे पुढे त्या खेळात भाषेची परीक्षा राहत नाही, सावधपणाची होते. खेळायचाच असेल तर चुकणाऱ्याने जागा बदलायची, एवढंच. बाहेर कुणी नाही.

शंकेखोर

थोडं थंड पाणी ओततो. मेंदूचा उजवा भाग जागा होतो, काही मुलं मुळातच 'कायनेस्थेटिक लर्नर' (हालचालीतून शिकणारी) असतात, वगैरे या पद्धतीच्या नावाने सांगितलं जातं. याला आधार आहे का? की मुलं उड्या मारतात, खूश असतात, म्हणून चांगलं म्हणायचं?

उच्चारवेल्हाळ

शंकेखोर, तुम्ही वेगवेगळ्या गोष्टी एका पिशवीत घातल्यात.

उजव्या मेंदूची मांडणी अॅशर यांचीच आहे आणि ती सोडून दिलेली बरी. भाषा एका बाजूला आणि हालचाल दुसऱ्या बाजूला अशी सरळ वाटणी मेंदूत नसते. 'कायनेस्थेटिक लर्नर'चंही तेच. विद्यार्थ्यांचे असे प्रकार पाडून त्या त्या प्रकाराने शिकवलं तर जास्त येतं, याला पुरेसा पुरावा नाही, असा निष्कर्ष मानसशास्त्रज्ञांच्या एका गाजलेल्या आढाव्यात २००८ मध्ये निघाला. त्यामुळे 'याला हालचाल, त्याला चित्र' अशी वर्गाची विभागणी करू नये.

टिकणारी गोष्ट वेगळीच आहे. 'काडी मोड', 'पुस्तक उचल' अशी वाक्यं नुसती ऐकण्यापेक्षा प्रत्यक्ष केली तर जास्त लक्षात राहतात, हे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. ते सगळ्यांना लागू होतं, एखाद्या खास प्रकारच्या विद्यार्थ्याला नव्हे. अट एक आहे. हालचालीचा अर्थाशी संबंध हवा. शब्दाशी जुळणारा हावभाव आणि अर्थहीन हावभाव यांची तुलना करणारा एक प्रयोग २०११ मध्ये जर्मनीत झाला, त्यात जुळणाऱ्या हावभावाचे शब्द जास्त टिकले. म्हणजे स्पेलिंग म्हणत उड्या मारल्या तर व्यायाम होतो. 'पोअर' म्हणत ओतण्याची कृती केली तर शब्द बसतो.

आणि ही एकट्याने पुरणारी पद्धत नाही. अॅशर स्वतःही ती इतर पद्धतींच्या जोडीने वापरा असंच म्हणत.

अर्धविराम

आज्ञांचा खरा उपयोग मला त्या जागी दिसतो जिथे मराठी आणि इंग्रजीचे सांधे जुळत नाहीत. भाषांतर करून तिथे काहीच कळत नाही, वस्तू हातात घेतली की दोन मिनिटांत कळतं.

कागदाचा एक बोळा घ्या. 'पुट इट डाउन', 'ड्रॉप इट', 'थ्रो इट'. मराठीत तिन्हींना 'टाक' चालून जातं, निदान शेवटच्या दोन्हींना तरी नक्की. इथे हात बघायचा : 'पुट डाउन'ला बोळा टेकेपर्यंत हात सोबत जातो, 'ड्रॉप'ला बोटं फक्त उघडतात, 'थ्रो'ला हात झटकतो. शिक्षकाने एकदाच दाखवायचं आणि मग तीन आज्ञा भरभर उलटसुलट द्यायच्या. 'घे'चंही तसंच : 'टेक', 'होल्ड', 'पिक अप' हे तीन वेगळे. 'होल्ड' म्हटल्यावर वस्तू धरून ठेवायची, पुढची आज्ञा येईपर्यंत. बहुतेक जण उचलतात आणि लगेच खाली ठेवतात. तिथे थांबवून 'होल्ड इट... होल्ड इट...' म्हणत पाच सेकंद धरायला लावायचं.

'ब्रिंग' आणि 'टेक' मराठी माणसाला फुकटात मिळतात, कारण 'आण' आणि 'ने' यांत हाच फरक आहे. जमिनीवर बोलणाऱ्याभोवती खडूचं वर्तुळ काढा. वर्तुळाकडे येणारी वस्तू 'ब्रिंग', लांब जाणारी 'टेक'. मग बोलणारा बदला, वर्तुळही बदलेल.

शब्दयोगी अव्ययांत 'वर' हा मोठा खड्डा. 'ऑन'ला टेकणं हवं. 'अबव्ह'ला पुस्तक टेबलापासून वीतभर उंच धरायचं. 'ओव्हर'ला पुस्तक टेबलाच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला वरून न्यायचं ('ओव्हर'चे इतरही अर्थ आहेत, पण सुरुवात हालचालीच्या अर्थाने करावी).

'बिहाइंड' आणि 'इन फ्रंट ऑफ'ला एक फसवी जागा आहे. वर्गात खोकं ठेवून 'पुट द पेन बिहाइंड द बॉक्स' म्हटलं की शिक्षकाच्या बाजूने मागे आणि विद्यार्थ्याच्या बाजूने मागे ही दोन वेगळी ठिकाणं होतात. विद्यार्थी बरोबर असतो आणि शिक्षक 'चूक' म्हणतो. खोक्याला स्वतःचं पुढं-मागं नसतं, खुर्चीला असतं. म्हणून सुरुवात खुर्चीपासून. खोकं घ्यायचंच तर शिक्षकाने वर्गाकडे पाठ करून, विद्यार्थी बघतात त्याच दिशेला तोंड करून उभं राहावं.

'अ' आणि 'द' सुद्धा असेच. मराठीत आर्टिकल नाही, त्यामुळे नियम सांगून डोक्यावरून जातो. टेबलावर एकसारख्या पाच पेन्सिली. 'टेक अ पेन्सिल.' कुठलीही चालेल. 'पुट द पेन्सिल ऑन द चेअर.' आता हातातलीच. पुष्कळ जण इथे दुसरी पेन्सिल उचलून ठेवतात. ती चूक म्हणजे आर्टिकल ऐकलंच नाही याची पावती. 'नाऊ पुट अ पेन्सिल अंडर द चेअर' म्हटलं की टेबलावरच्या उरलेल्यांतली एक.

शंकेखोर

अर्धविराम, हे पटलं. पण आज्ञेत क्रियापदाचं मूळ रूपच येतं. सगळा वर्ग 'ओपन, क्लोज, टेक' करत राहणार. 'ओपन्ड', 'इज ओपनिंग' कुठून आणायचं?

तिसरी_घंटा

आज्ञा पाळली जात असताना बाकीच्यांना काय बोलायला दिलंय, त्यावर ते अवलंबून आहे. करणारा एक, सांगणारे बाकीचे.

जमिनीवर खडूने तीन चौकटी. विद्यार्थी डस्टर घेऊन पहिल्या चौकटीत : 'शी इज गोइंग टू वाइप द बोर्ड.' दुसऱ्या चौकटीतून फळा पुसत असताना : 'शी इज वायपिंग द बोर्ड.' काम संपवून तिसरीत : 'शी वाइप्ड द बोर्ड.' वाक्य त्या त्या चौकटीत पाय असतानाच म्हणायचं. सगळं उरकल्यावर तिन्ही वाक्यं म्हणवून घेतली तर चौकटी आखल्याचा उपयोग शून्य.

क्रियापद निवडताना मात्र जपून. 'ड्रॉप' क्षणात संपतं, 'इज ड्रॉपिंग' म्हणायला वेळच मिळत नाही. 'जंप'चं 'इज जंपिंग' झालं की पुन्हा पुन्हा उड्या असा अर्थ होतो. लांबणारी कामं घ्या : ओतणं, पुसणं, लांब रेघ ओढणं, बाक ढकलणं.

'सिट' आणि 'स्टँड' वेगळ्या दिवशी घ्या, कारण तिथे मराठी आडवी येते. 'तो बसला आहे' म्हणजे 'ही इज सिटिंग'. 'तो बसतो आहे' हे त्याचं भाषांतर नव्हे, तो खाली जाण्याच्या मधल्या स्थितीत आहे, ते 'ही इज सिटिंग डाउन'. 'झोपला आहे', 'टोपी घातली आहे' यांचंही तसंच : 'इज स्लीपिंग', 'इज वेअरिंग अ कॅप'. एकाला खुर्चीवर बसवून तसाच ठेवा आणि वाक्य म्हणा. दुसऱ्याला बसता बसता अर्ध्यावर थांबवा (फार वेळ नको, मांड्या भरून येतात) आणि दुसरं वाक्य म्हणा. दोन पुतळे शेजारी शेजारी दिसले की फरक वेगळा समजावावा लागत नाही.

भूतकाळाच्या 'ईडी'ला पावलं. एक उच्चारखंड (सिलेबल), एक पाऊल. 'वॉक' एक पाऊल, 'वॉक्ट' पण एकच. 'पुश' एक, 'पुश्ट' एक. 'वेट' एक, 'वेटिड' दोन. 'लिफ्ट' एक, 'लिफ्टिड' दोन. ज्या क्रियापदाच्या शेवटी 'ट' किंवा 'ड'चा आवाज आहे त्यालाच पाऊल वाढतं. 'वॉकेड' म्हणणारा विद्यार्थी दोन पावलं टाकून उभा राहतो, आणि चूक त्याची त्यालाच दिसते.

उच्चारवेल्हाळ

पावलांची कल्पना झकास. मी आघाताबद्दल, म्हणजे शब्दातल्या एका खंडावर पडणाऱ्या जोराबद्दल लिहितो, कारण टाळ्या वाजवून आघात शिकवायची पद्धत सगळीकडे आहे आणि ती बहुधा उलटी पडते. टाळी प्रत्येक खंडाला सारखी पडते, आणि मराठीच्या सवयीने आपल्याला सगळे खंड सारखे म्हणायचेच असतात. टाळी त्या सवयीवर शिक्का मारते.

आघाताचा खंड लांब, उंच आणि स्पष्ट असतो, बाकीचे आखडतात. हालचालही तशीच हवी. 'फोटोग्राफर'साठी चार विद्यार्थी ओळीत, एकेकाकडे एक खंड. आघात दुसऱ्यावर : तो हात वर ताणून टाचा उचलतो, बाकीचे तिघं गुडघ्यात वाकतात आणि आपला खंड पुटपुटल्यासारखा म्हणतात. 'फोटोग्राफ'ला तीन जण, आघात पहिल्यावर. 'फोटोग्राफिक'ला पुन्हा चार, आघात तिसऱ्यावर. एकाच शब्दाच्या घराण्यात आघात कसा सरकतो ते ओळीकडे बघून कळतं. 'फोटोग्राफ'मधला पहिला 'फो' ठणठणीत, 'फोटोग्राफर'मध्ये तोच 'फ' होऊन बसतो, हेही ऐकवा. वाकलेला विद्यार्थी मोठ्याने ओरडत असेल तर सराव वाया जातो.

एकट्याने करायचं तर रबर बँड : दोन अंगठ्यांत धरून आघाताला ताणायचं, बाकी सैल.

वाक्याची लय चालून. 'डॉग्ज चेस कॅट्स' तीन पावलं. 'द डॉग्ज हॅव बीन चेसिंग द कॅट्स' सुद्धा तीनच, 'डॉग्ज', 'चे' आणि 'कॅट्स'वर, मधले शब्द पावलांच्या फटीत कोंबायचे. इंग्रजी अगदी समान अंतराने ठोके देते असं मोजणीत आढळत नाही, त्यामुळे मेट्रोनोम (समान ठोके देणारं यंत्र) लावून बसू नका. लहान शब्द आखडायची सवय लावण्यापुरता हा सराव.

ध्वनींसाठी भिंती वापरा. डावी भिंत 'शिप', उजवी 'शीप'. शिक्षक शब्द म्हणतो, विद्यार्थी त्या भिंतीकडे बोट करतात. दोन खबरदाऱ्या. तोंडासमोर कागद धरा, नाहीतर ओठ वाचले जातात. आणि दोन्ही शब्द एकाच सुरात म्हणा. यादी वाचल्यासारखं पहिल्याला चढा आणि दुसऱ्याला उतरता सूर लागतो, विद्यार्थी सूर ओळखतात आणि शिक्षकाला वाटतं स्वर ओळखला. क्रम नाणं उडवून ठरवलेला उत्तम. 'शिप' आणि 'शीप'मध्ये फरक फक्त लांबीचा नाही, जीभही 'शिप'ला थोडी सैल आणि खाली असते, हे ध्यानात असू द्या.

'वेस्ट' या एकाच मराठी लेखनात दोन इंग्रजी शब्द दडलेले असतात, बनियनवाला आणि पश्चिमवाला. पहिल्याला वरचे दात खालच्या ओठावर, दुसऱ्याला ओठांचा चंबू आणि दातांचा संबंध नाही. इथे मात्र आधी तोंड उघडं ठेवून दाखवा, नंतर झाका.

इंग्रजी 'प'च्या हवेच्या झोतासाठी कागदाची पट्टी : पातळ कागद, तीन सेंटिमीटर रुंद, ओठांपासून चार-पाच सेंटिमीटरवर लोंबता. इंग्रजी 'पिन'ला पट्टी उडते, 'स्पिन'ला जवळजवळ हलत नाही. मराठी 'प'ने म्हटलेल्या 'पिन'ला ती हलत नाही, आणि काही इंग्रजी कानांना तो 'बिन' ऐकू येतो. अतिरेक करून 'फिन' करू नका.

मागचा_बाक

हे सगळं पंधरा जणांच्या वर्गात छान. साठ विद्यार्थी, जमिनीला ठोकलेले बाक, शेजारच्या वर्गातून तक्रार. तिथे काय?

पाटीपेन्सिल

तिथे शरीर छोटं करायचं. दोन बोटं म्हणजे माणूस, बाक म्हणजे खोली. 'वॉक टू द एज. स्टॉप. टर्न अराउंड. जंप ओव्हर द पेन्सिल. लाय डाउन अंडर द नोटबुक.' आवाज नाही, जागा लागत नाही, आणि चालता न येणारा विद्यार्थीही बरोबरीने करतो.

वहीत चित्र काढणं हीसुद्धा कृतीच. 'ड्रॉ अ स्क्वेअर. ड्रॉ अ सर्कल इन्साइड द स्क्वेअर. ड्रॉ अ लाइन फ्रॉम द सर्कल टू द टॉप राइट कॉर्नर.' साठ वह्या एका नजरेत तपासता येतात, आणि पुरावा कागदावर राहतो.

उभं करायचंच असेल तर एकाआड एक रांग. विषम रांगा करतात, सम रांगा बघतात आणि समोरच्याचं चुकलं तर अंगठा खाली. तीन मिनिटांनी अदलाबदल. आणि 'टच युअर पार्टनर'वाल्या आज्ञा वगळा. 'पॉइंट टू' तेवढंच शिकवतं आणि कुणाला अवघडल्यासारखं होत नाही.

गोंगाटासाठी सुरुवातीलाच 'फ्रीझ' पक्कं करा. ही आज्ञा प्रत्येक तासाला दोन-तीनदा, गरज नसतानाही, म्हणजे गरज पडेल तेव्हा चालेल. सलग दहा-पंधरा मिनिटांच्या पुढे हालचाल ताणू नये. त्यानंतर त्याच आज्ञा वहीत लिहून घ्याव्यात, नाहीतर कानाने ओळखीचा शब्द डोळ्याला परकाच राहतो.

अर्धविराम

लिहिण्याचा विषय निघालाच आहे तर रनिंग डिक्टेशन. साठ ते ऐंशी शब्दांचा उतारा भिंतीवर, डोळ्यांच्या उंचीवर. जोडीतला एक उताऱ्यापाशी जाऊन वाचतो, परत येऊन सांगतो, दुसरा लिहितो. निम्म्यावर भूमिका बदलतात. सहा-सात जोड्यांमागे एक प्रत, नाहीतर भिंतीपाशी चेंगराचेंगरी.

बिघडतं ते असं : धावणारा तिथूनच ओरडून सांगतो, किंवा परत येऊन पेन हिसकावून स्वतःच लिहितो, किंवा एकेक अक्षर सांगतो. पहिल्याला नियम, बोलणं लिहिणाऱ्याच्या हाताच्या अंतरावरूनच. दुसऱ्याला, धावणाऱ्याचे हात पाठीमागे. तिसऱ्यावर अंतर हाच इलाज : उतारा इतक्या दूर लावावा की अक्षर अक्षर आणणं परवडू नये आणि पाच-सात शब्दांचा तुकडा डोक्यात धरून आणावा लागेल. तो तुकडा टिकवायला वाक्याची रचना कळावी लागते, खरी शिकवण तिथे. नावात 'रनिंग' असलं तरी चालायलाच लावा. गुण वेळेला देऊ नका, बिनचूकपणाला द्या.

रिकामी_ओळ

मोठ्या माणसांचं कुणी लिहिलं नाही. नाकाला हात लावा म्हटलं की त्यांना पोरखेळ वाटतो, आणि त्यांचं चूक नाही. त्यांना काम द्या. कागदाची घडी : 'फोल्ड द पेपर इन हाफ लेंग्थवेज, ओपन इट, फोल्ड द टॉप कॉर्नर्स टू द सेंटर लाइन.' फोनची सेटिंग बदलणं, टेबलाची लांबी-रुंदी मोजून लिहिणं, फॉर्म भरणं. हालचाल तीच, पोरकटपणा नाही.

दुसरं, सभ्यतेचं. मराठीत 'बस' आणि 'बसा' क्रियापदातच वेगळे होतात. इंग्रजी 'सिट डाउन'ला तशी सोय नाही, तिथे आदर 'कुड यू' आणि 'प्लीज'मधून येतो. शेकडो कोऱ्या आज्ञा ऐकलेला विद्यार्थी बाहेर जाऊन साहेबांना 'गिव्ह मी द पेपर' म्हणतो. म्हणून विद्यार्थी स्वतः आज्ञा द्यायला लागले (ते पुढे यायला तयार झाले की, त्याआधी नाही) तेव्हा नियम बदलायचा : 'कुड यू ओपन द विंडो?' म्हटलं तरच शिक्षक उठेल. नुसतं 'ओपन द विंडो' म्हटलं तर बसून राहील.

शंकेखोर

बरं, शेवटचं. प्राथमिक पातळी ओलांडलेल्यांना यात काही आहे का?

खडूफळा

आहे, आणि तिथे ही चाचणी चांगलीच कडक होते. 'बिफोर यू सिट डाउन, पिक अप द चॉक.' ऐकण्यात बसणं आधी येतं, करण्यात खडू आधी. शब्दांच्या क्रमाने चालणारे पटकन बसतात आणि मग खडूसाठी उठतात. 'आफ्टर'ने तेच वाक्य फिरवून द्या. 'डोंट स्टँड अप अन्टिल आय क्लॅप' : अर्धा वर्ग 'स्टँड अप' ऐकून उठलेला असतो. 'अन्लेस यू हॅव अ ब्लू पेन, रेझ युअर हँड.' 'द पर्सन सिटिंग बिहाइंड द वन हू हॅज द डस्टर, स्टँड अप.' या शेवटच्या आज्ञेला वर्गात दोन-तीन सेकंद शांतता होते. ती मोडू नका, आज्ञा लगेच पुन्हा म्हणू नका.

नाण्यावरही चालतं : 'इफ इट्स हेड्स, मूव्ह वन सीट टू द लेफ्ट, अदरवाइज स्टे व्हेअर यू आर.' इथे डावीकडे कुणाच्या, ते आधी ठरवून घ्या. अर्धविरामांच्या खोक्याचाच घोळ आहे.

मागचा_बाक

दोन बोटांचा माणूस उद्यापासून. 'लाय डाउन अंडर द नोटबुक'ला बोटं वहीखाली जातात, मग तपासायचं कसं?

पाटीपेन्सिल

बोटं तिथेच ठेवून दुसऱ्या हाताने वही उचलायला लावा. 'लिफ्ट द नोटबुक' ही त्यांची पुढची आज्ञा.